कापडाच्या गादीवरून: बुरखा, पदर आणि प्रवास

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या दिवसांत आरती, अथर्वशीर्षाची आवर्तने, मुलांच्या स्पर्धा आणि महिलांचे हळदीकुंकू यांच्या जोडीला एखादे तरी व्याख्यान ठेवायचे, हा आपल्या मंडळाचा जुना शिरस्ता. कार्यवाहांनी यंदा मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "मुसलमान बायकांचे कपडे, घरातले आणि प्रवासातले." ते जरा थांबले आणि म्हणाले, "काका, उत्सवात हा विषय?" मी म्हटले, लोकमान्यांनी उत्सव घराबाहेर आणला तो लोकांनी एकत्र बसून चार गोष्टींचा विचार करावा म्हणूनच. आणि ज्यांच्या शेजारी आपण चार-पाच पिढ्या राहिलो, त्यांच्याविषयी विचार करायला उत्सवाइतका चांगला मुहूर्त कोणता?

मी मौलवी नाही आणि प्राध्यापकही नाही. चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलो. गादीवर बसणाऱ्याला माणसे कळतात असे नाही, पण कोण काय घेतो, किती वार घेतो, कशासाठी घेतो आणि गेल्या वर्षीपेक्षा यंदा वेगळे काय मागतो, एवढे त्याला कळते. त्या नजरेने जे पाहिले आणि त्या निमित्ताने जे वाचले, ते आज सांगणार आहे.

आधी आपल्या मुलखाची आठवण. आज आपण तेलंगणात आहोत. पण १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात होते, आणि मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग नांदेड जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत किनवट, राजुरा तिकडे गेले, मुधोळ-भैंसा इकडे आले. रेघ बदलली, माणसे जागेवरच राहिली. त्या आधी सगळेच निजामाच्या राज्यात. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांचे शाळेचे दाखले उर्दूत आहेत. तेव्हा मुसलमान शेजारी हा आपल्याला पुस्तकात भेटलेला नाही. तो गल्लीत भेटला, कापसाच्या बाजारात भेटला, शाळेच्या बाकावर भेटला.

आणि या मुलखातल्या मुसलमान बाईचा जुना पोशाख कोणता, असे विचारले तर उत्तर एक नाही. खेड्यातली पिंजाऱ्याची, तांबोळ्याची, मुलाण्याची बाई शेजारणीसारखेच लुगडे नेसायची. फरक असलाच तर नेसण्यात, कारण ती काष्टा घालत नसे, गोल नेसायची आणि पदर डोक्यावरून घ्यायची. शेतात निंदायला, कापूस वेचायला, आठवडी बाजारात बांगड्या विकायला ती त्याच वेषात जायची. हातात हिरव्या बांगड्या आणि गळ्यात काळी पोत. हो, काळी पोत! दख्खनी मुसलमानांत लग्नात नवरीच्या गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा घालतात. तो पाहून आपल्या बायकांना मंगळसूत्र आठवते. कुणी कुणाचे घेतले हा वाद विद्वानांनी घालावा. मणी मात्र दोघींचेही काळेच.

शहरातल्या खानदानी घरातला पोशाख वेगळा. हैदराबादी लग्नात नवरी खडा दुपट्टा घेते. त्याचे कापड मोजायला लागलो की आमच्या धंद्यातल्या माणसाला गंमत वाटते, कारण तो दुपट्टा सहा वारांचा असतो. साडीही सहा वारांची. खाली चुडीदार, वर कुडता आणि त्यावर सहा वार दुपट्टा चुण्या घालून अंगाभोवती उभा घेतलेला. म्हणजे साडीच्या मापाचे कापड, नेसण्याची रीत मात्र पूर्ण निराळी.

आता पडद्याविषयी. पडदा हा फक्त मुसलमानांचा, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. "गोषा" हा शब्द मग आपल्या भाषेत कुठून आला? मोठ्या मराठा घराण्यांतल्या बायका गोषात असत. पडदा पाळायला ऐपत लागते. घरात पाणी भरायला, बाजार करायला दुसरे कुणी असेल तरच बाई देवडीच्या आत बसू शकते. मजुरीला जाणाऱ्या बाईला तो कधीच परवडला नाही, मग ती हिंदू असो की मुसलमान. म्हणून पडद्याची पहिली वाटणी धर्माची कमी आणि ऐपतीची जास्त, असे मला वाटते.

याचे एक चांगले उदाहरण इतिहासात सापडते. अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ मध्ये पुण्यात भरले. अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या. गोषाच्या रिवाजात वाढून त्यांनी तो स्वतः मोडला होता. पुढच्या वर्षी दिल्लीच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष होत्या भोपाळच्या सुलतान जहान बेगम. या बेगमसाहेबांनी पडद्याच्या बाजूने पुस्तक लिहिले होते. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या राज्यारोहणासाठी त्या लंडनला गेल्या, तेव्हा तिथल्या राजेरजवाड्यांच्या गर्दीत त्या बुरख्यात वावरल्या. राज्य चालवणारी, मुलींच्या शाळा काढणारी बाई, आणि चेहरा झाकलेला! पण त्याच बेगमसाहेबांनी आयुष्याच्या अखेरीस पडदा सोडला. बुरखा घेतला तोही स्वतः ठरवून आणि सोडला तोही स्वतः ठरवून. बुरखा घातलेली बाई म्हणजे मुकी बाई, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

प्रवासाचा विषय निघाला आहे तर आपल्या महाराष्ट्रातल्या दोघी बहिणींचे नाव घेतले पाहिजे. मुंबईच्या तय्यबजी परिवारातल्या अतिया फैजी आणि त्यांची बहीण नाझली बेगम. नाझली या मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम. अतिया १९०६ मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि तिथली रोजनिशी उर्दूत लिहून पाठवू लागल्या. लाहोरच्या बायकांच्या साप्ताहिकात ती छापून येई. नाझली बेगम १९०८ मध्ये युरोपला गेल्या आणि त्यांनीही उर्दूत प्रवासवर्णन लिहिले. या परिवाराने पडदा फार लवकर सोडला होता. तरी अतियांनी लंडनच्या रस्त्यावर विलायती झगा घातला नाही. अंगावर हिंदुस्थानी पोशाख आणि डोके झाकलेले, अशा त्या फिरत. चेहरा उघडा, डोके झाकलेले आणि कपडा आपल्या देशाचा, हा त्यांनी काढलेला तोडगा. परदेशात गेल्यावर काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हा हिशोब शंभर वर्षांपूर्वी त्यांनी मांडला. आज आपल्या मुली सिडनीला, न्यू जर्सीला जाताना तोच मांडतात.

आपल्या राजधानीचेही उदाहरण आहे. हैदराबादला मेहदीपट्टणमला जाताना हुमायूननगर लागते. तिथे राहणाऱ्या बॅरिस्टर हुमायून मिर्झांच्या पत्नी सुघरा हुमायून मिर्झा लेखिका होत्या, बायकांचे मासिक चालवत, आणि १९३४ मध्ये त्यांनी मुलींसाठी सफदरिया शाळा काढली. हैदराबादच्या प्रतिष्ठित मुसलमान घरांतल्या ज्या बायका पहिल्याने पडद्याबाहेर आल्या, त्यांत त्यांचे नाव घेतात. युरोप, इराक, भोपाळ, बंगाल असा त्यांनी प्रवास केला आणि त्यावर लिहिले. पडदा सोडला म्हणून त्यांनी धर्म सोडला नाही. इराकची त्यांची यात्रा हाच त्याचा पुरावा.

आणि निलोफर. आपल्याकडे लहान मूल फार आजारी पडले की डॉक्टर म्हणतात, "हैदराबादला निलोफरला न्या." ज्यांच्या नावाचा हा दवाखाना, त्या निलोफर तुर्कस्तानच्या उस्मानी राजघराण्यातल्या. १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात निजामाच्या धाकट्या शहजाद्याशी त्यांचे लग्न झाले. त्याच वेळी त्यांच्या नात्यातली दुर्रेशहवार थोरल्या शहजाद्याची बेगम झाली. फ्रान्समध्ये वाढलेल्या या मुली हैदराबादला आल्या आणि साडी नेसू लागल्या, चेहरा न झाकता समारंभांना जाऊ लागल्या. निलोफरच्या साड्यांची तर साऱ्या युरोपात चर्चा झाली. तुर्कस्तानची मुसलमान राजकन्या, फ्रान्सचे वळण आणि हिंदुस्थानची साडी. पुढे त्यांची एक दासी बाळंतपणात दगावली, त्या दुःखातून दवाखाना उभा राहिला. आज त्या दवाखान्याच्या ओसरीत आदिलाबादहून आलेली साडीतली आई आणि बुरख्यातली आई एकाच बाकावर बसलेल्या दिसतात. दोघींच्या मांडीवर तापाने फणफणलेले लेकरू असते, आणि शेजारणीच्या अंगावर काय आहे याकडे दोघींचेही लक्ष नसते.

आता माझ्या गादीकडे येतो. मी धंद्यात शिरलो तेव्हा जुन्या बायका डोक्यावर टोपीसारखा बसणारा, डोळ्यांपुढे जाळी असलेला सुती बुरखा वापरत. त्याला कापड भरपूर लागे. मग काळा, दोन भागांचा बुरखा आला. खाली कोटासारखा भाग आणि वर डोक्यावरून नकाब. सत्तरच्या दशकापासून आपल्या भागातली माणसे आखाती देशांत कामाला जाऊ लागली. निजामाबाद, करीमनगर, निर्मलकडून तर घरटी एक. ती माणसे सुटीवर येताना बायकोसाठी, बहिणीसाठी अबाया आणू लागली. हळूहळू तो इथेच शिवला जाऊ लागला. आता चारमिनारच्या आसपास, पथ्थरगट्टीत गेलात तर अबायाच्या दुकानांची रांग दिसते. बाहीवर कशिदा, कॉलरला मणी, समोर चेन, कधी राखाडी, कधी जांभळा, कधी मेंदी रंग. फॅशन दर सहा महिन्यांनी बदलते. साडीच्या दुकानदाराला जशी दिवाळीची धास्ती, तशी त्यांना रमजानची.

एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकते. आपला जिल्हा कापसाचा. यार्डात पांढऱ्या सोन्याचे डोंगर लागतात. पण बुरख्याच्या कापडात कापूस औषधालाही नसतो. ज्याला निदा म्हणतात ते कापड पॉलिएस्टरचे. कारण काळा रंग सुती कापडावर टिकत नाही, धुतले की विटतो, आणि इस्त्रीशिवाय सुती कापड घालवत नाही. पॉलिएस्टर हलके पडते, चुरगळत नाही, रात्री धुतले की सकाळी वाळते. "सफर में हल्का कपडा होना भाईसाब," असे गिऱ्हाईक सांगते. पण आपल्या मे महिन्याच्या उन्हात त्या कापडाच्या आत काय होत असेल, ते घालणारीलाच ठाऊक.

ती का घालते? या प्रश्नाचे एक उत्तर मिळावे अशी सगळ्यांची इच्छा असते. गादीवरून मला एक उत्तर कधी मिळाले नाही. एकीची श्रद्धा असते, नमाज-रोजा जितक्या मनापासून, तितक्याच मनापासून बुरखा. एकीला नवऱ्याचा किंवा सासूचा हुकूम असतो, आणि कापड निवडताना तिचा चेहरा ते सांगतो. एकीला बसस्टँडवरच्या नजरा नकोशा झालेल्या असतात. एकीच्या वर्गातल्या सगळ्या घालू लागल्या म्हणून तीही घालते. एक हसून म्हणाली, "घरच्या कपड्यांवर चढवला की बाजार करून येता येतं, साडी बदलायला नको." आणि अशाही अनेक आहेत ज्या बुरखा घेतच नाहीत. साडी नेसतात, ड्रेस घालतात, ओढणी डोक्यावर घेतात किंवा घेत नाहीत. या सगळ्या मुसलमानच. एका काळ्या कापडाकडे बघून आपण त्या सगळ्या कारणांवर एकच शिक्का मारतो, तिथे आपला हिशोब चुकतो.

धर्म काय सांगतो, असा प्रश्न येणारच. कुराणातल्या सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची आज्ञा आहे, आणि ती आधी पुरुषांना आहे, मग बायकांना. बायकांना ओढणी छातीवरून घ्यायला सांगितले आहे. चेहरा झाकावा की नाही, यावर त्यांच्याच विद्वानांत शतकानुशतके मतभेद आहेत. गंमत अशी की हजला गेल्यावर, एहरामच्या अवस्थेत, बाईने चेहऱ्यावर नकाब बांधू नये आणि हातमोजे घालू नयेत, असा नियम आहे. एरवी चेहरा झाकणारीही मक्केत तो उघडा ठेवते. पुरुषाला तिथे दोन न शिवलेली पांढरी वस्त्रे ठरलेली, पण बाईला ठरावीक गणवेश नाही. त्यामुळे इंडोनेशियाची बाई पांढऱ्या झुलीत, नायजेरियाची भडक रंगात आणि आपल्या तेलंगणाची सलवार-कुडत्यावर अबाया घालून, सगळ्या एकाच प्रदक्षिणेत. नामपल्लीच्या हज हाऊसमधून निघालेली आपल्याकडची खाला परत आली की पहिल्यांदा हेच सांगते, की दुनियेत आपल्या लोकांचे इतके रंग आहेत हे ठाऊकच नव्हते!

ते रंग जरा पाहू. केरळात मलबारच्या जुन्या मापिला बायका काठाचे मुंडू, लांब बाह्यांचा झंपर आणि डोक्याला तट्टम हा रुमाल वापरीत. मुंबईच्या बोहरा बायकांचा दोन भागांचा रिदा गुलाबी, पोपटी, आकाशी असतो, त्याला लेस असते आणि चेहरा उघडा असतो. बांगलादेशात मुसलमान बाई साडी नेसते. शेख हसीना आणि खालिदा झिया, एकमेकींच्या कट्टर विरोधक, पण साडीवर दोघींचे एकमत! सुदानमधली बाई जो तोब नेसते, तो साडेचार मीटरच्या आसपासचा अखंड कपडा असतो, अंगाभोवती गुंडाळून डोक्यावरून घेतलेला. आपल्या आजीने पाहिला असता तर म्हणाली असती, "बाई, लुगडं जरा तोकडं आहे." मलेशियात सैल बाजू कुरुंग, मोरोक्कोत टोपीचा जेलाबा, अफगाणिस्तानात निळा चुणीदार बुरखा. धर्म एक आणि कपडे इतके, कारण कपडा ठरवताना ऊन, वारा, धंदा, शेजार आणि पैसा हे सगळे मत देतात.

पण कधी कधी सरकारही मत देते, आणि मग गोष्ट बिघडते. इराणच्या रजाशहाने १९३६ मध्ये बुरख्यावर बंदी घातली. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढू लागले. पुष्कळ बायकांनी घराबाहेर पडणेच सोडले. १९७९ च्या क्रांतीनंतर उलटे झाले आणि डोके झाकण्याची सक्ती आली. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी, हिजाब नीट नाही म्हणून पकडलेली, कोठडीत असताना दगावली आणि सारा देश पेटला. एकाच देशात आजीच्या डोक्यावरून कपडा ओढला आणि नातीच्या डोक्यावर लादला. दोन्ही वेळा त्या बाईला कुणी विचारले नाही. तुर्कस्तानात विद्यापीठात डोके झाकायला बंदी होती, म्हणून मुली शिक्षणाला मुकल्या. बहुतेक सरकारी नोकरांवरची बंदी तिथे २०१३ मध्ये उठली. फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत डोक्यावरच्या रुमालाला मनाई केली. आणि सौदी अरेबियाने २०१९ मध्ये पर्यटकांना दारे उघडताना परदेशी बायकांना अबायाची सक्ती नाही असे सांगितले, साधा, अंगभर कपडा पुरे.

आपल्या देशातले तुम्ही वर्तमानपत्रात वाचले आहेच. कर्नाटकात उडुपीपासून वाद सुरू झाला, मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने वर्गातली हिजाबबंदी कायम ठेवली, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. २०२४ मध्ये मुंबईच्या एका महाविद्यालयाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्याचे काय व्हायचे ते होईल. मी तुम्हाला माझ्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगतो.

एक बागवान माझ्याकडे वर्षानुवर्षे येतो. त्याची मुलगी हुशार. बारावीनंतर तिला परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. घरात वादळ उठले. शेवटी बाप तयार झाला, पण अट घातली, बुरखा घालून जायचे. मुलीने हरकत घेतली नाही. ती मला म्हणाली, "मामू, ये बुरखा नहीं, मेरा टिकट है." पुढे कॉलेजात कुणीतरी सांगितले की वर्गात बुरखा चालणार नाही. घर म्हणते घालून जा, कॉलेज म्हणते काढून ये, आणि दोन्ही ऐकायचे तर मधल्या मध्ये पोरगी घरी. तिने मार्ग काढला. गेटच्या आत मुलींच्या खोलीत ती बुरखा घडी करून पिशवीत ठेवी, ओढणी डोक्यावर घेई आणि वर्गात बसे. तीन वर्षे असे करून ती पदवीधर झाली. आज नोकरी करते, आणि आता बुरखा घ्यायचा की नाही हे तिचे ती ठरवते. त्या तीन वर्षांत एखादा प्राध्यापक अडून बसला असता, किंवा बाप अडून बसला असता, तर ती आज कुठे असती? मंडळी, सगळ्या वादात खरे पणाला लागते ते हे.

खेळातही तेच. हैदराबादची सानिया मिर्झा टेनिस खेळू लागली तेव्हा २००५ मध्ये तिच्या आखूड कपड्यांवरून काही धर्मगुरूंनी ओरड केली. ती खेळत राहिली. आपल्या शेजारच्या निजामाबादची निखत झरीन. तिच्या चड्डी-बनियनवरून लोक तिच्या वडिलांना बोलत. मे २०२२ मध्ये इस्तंबूलला ती मुष्टियुद्धात जगज्जेती झाली आणि पुढच्या वर्षी दिल्लीत पुन्हा. दुसरीकडे अमेरिकेची इब्तिहाज मुहम्मद हिजाब बांधून तलवारबाजी खेळली आणि २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये सांघिक कांस्यपदक घेऊन आली. एकीने डोके उघडे ठेवले, दुसरीने झाकले. दोघी खेळल्या, कारण दोघींना मैदानात उतरू दिले गेले.

आता थोडे आपल्याकडे पाहू. माझी आजी काष्ट्याचे लुगडे नेसून बैलगाडीतून आली. आई सहावारीवर आली तेव्हा आजीने महिनाभर नाक मुरडले. सौ. प्रवासात पंजाबी ड्रेस घालू लागली, कारण रेल्वेच्या वरच्या बर्थवर साडीत चढता येत नाही. मुलीकडे अमेरिकेला गेली तेव्हा थंडीसाठी तिने आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली. कपाळाला टिकली होती, मंगळसूत्र स्वेटरच्या आत होते. तिला कुणी विचारले नाही की तुझा धर्म बुडाला का. मग अबाया पिशवीत घडी करून ठेवणारी, किंवा परदेशात गेल्यावर आठवणीने डोक्यावर ओढणी घेणारी बाई पाहिली की आपणच का विचारावे?

प्रवासात नियम असतात आणि ते पाळलेच पाहिजेत. पारपत्राच्या फोटोत धर्मासाठी डोके झाकता येते, पण हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा दिसला पाहिजे. शमशाबादच्या विमानतळावर बायकांची झडती पडद्याआड महिला जवान घेतात. मतदान केंद्रावर चेहरा बघायला महिला कर्मचारी असते. यात कुणाचा अपमान होत नाही. ओळख पटवण्याचे काम बाईने, आडोशाला आणि नीट बोलून केले की बहुतेक वाद तिथेच मिटतात. परीक्षेच्या दारात मात्र शेकडो मुलांसमोर एखाद्या मुलीला "काढ" म्हणणे, ही झडती नव्हे. तिचा पेपर तिथेच अर्धा बिघडतो. आपल्यापैकी बरेच जण शिक्षक आहेत, संस्थाचालक आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की हे पाहा.

९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना आरटीसीचा प्रवास मोफत झाला. आदिलाबाद-निर्मल बसमध्ये आता बसायला जागा मिळत नाही. त्या गर्दीत गोंड बाई असते, आरशाच्या चोळीतली लंबाडी असते, सहावारीतली आपली मावशी असते आणि अबायातली खालाही. कंडक्टर सगळ्यांना शून्य रकमेचे एकच तिकीट फाडून देतो. सरकारने ज्या बसमध्ये चौघींना एका मापाने मोजले, त्या बसमधून उतरल्यावर आपण वेगळी मापे का काढावीत?

भैंसा इथून फार दूर नाही. २००८ मध्ये आणि २०२० मध्ये तिथे काय झाले, ते आपण जवळून पाहिले. अशा वेळी पहिला राग निघतो तो टोपीवर, टिळ्यावर आणि बुरख्यावर, कारण दुरून तेवढेच दिसते. माणूस दिसायला जवळ जावे लागते. म्हणून मला जे सांगायचे आहे ते एवढेच. बाईच्या अंगावर काय आहे यावरून तिचा हिशोब मांडू नये. विचारायचेच असेल तर तिला ते निवडता आले का, एवढे पाहावे. जिथे निवडता येत नाही, तिथे बुरखा लादणाऱ्याला आणि बुरखा ओढणाऱ्याला एकाच मापाने मोजावे. आणि मुलगी शिकायला निघाली असेल, तर ती कोणत्या कपड्यात निघाली हे न बघता तिला वाट द्यावी.

 आरतीची वेळ झाली आहे, म्हणून इथेच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!